उंटावरून निघालेला भाऊ

ऑक्टोबरच्या उन्हाला मुंबईत कोणी ऋतू मानत नाही. पाऊस गेला आणि थंडी आली नाही, यामधली ती एक सक्तीची रिकामी जागा, असं सगळे धरून चालतात. मला तसं वाटत नाही. मुलुंडच्या आमच्या रस्त्यावर सातविणीची झाडं आहेत. आश्विन लागला की ती फुलतात आणि दिवेलागणीला त्यांचा तो जड, डोक्यात बसणारा वास खिडकीतून आत येतो. बायको खिडकी लावून घेते, मी उघडतो. वासाबरोबर सध्या सोसायटीच्या हॉलमधून मुलींच्या टाळ्या वर येतात, आणि टाळ्यांबरोबर एक गाणं.

गाणं बहुतेक तुम्हीही ऐकलेलं असणार. बहीण गॅलरीत उभी आहे, भाऊ गावाहून एसटीने निघाला आहे, जिन्यात एकेक पाऊल वाजतं आणि ते भावाचं नसतं. नवरात्रात ते म्हणतात, मेंदीच्या दिवशी म्हणतात. परवा मी खाली जाऊन शिकवणाऱ्या बाईंना विचारलं, "हे कुठलं हो गाणं?"

"पारंपरिक आहे काका. खूप जुनं. शे-दोनशे वर्षं असेल."

मी एका कारखान्याच्या तपासणी खात्यात नोकरी केली. 'असेल' या शब्दावर आमच्याकडे मालाचा एक नग पुढे सरकत नसे. त्यामुळे मी तिथेच उभा राहिलो. त्यांना सांगावं असं फार वाटलं, पण मुली ताटकळल्या होत्या, म्हणून परत वर आलो. जे तिथे सांगितलं नाही ते इथे सांगतो. शे-दोनशे वर्षं नाहीत. दोनशे वर्षांपूर्वीच्या इमारतींना गॅलरी नव्हती आणि घाटात एसटी नव्हती, एवढा हिशेब तरी कोणीही करावा. ते गाणं ऐंशीच्या दशकात, घाटकोपर पूर्वेला, आमच्या घरात मराठी झालं. आणि ते ज्या बाईने केलं ती आत्ता माझ्यामागे उभी राहून म्हणते आहे, "खिडकी लावा हो, डोकं चढलं त्या वासाने."

तिचं नाव नलिनी. मूळची रत्नागिरीकडची.

घाटकोपरची ती सोसायटी तीन मजली होती, लिफ्ट नसलेली. निम्मी घरं गुजराती, उरलेली आमच्यासारखी. गॅलऱ्या समोरासमोर. एका गॅलरीत कोथिंबीर निवडायला बसलं की समोरच्या गॅलरीतून भाव विचारला जायचा. आमच्या समोरच्या दारात मंजुबा राहायची. मुलगा, सून हंसा आणि मंजुबा. वयाने माझ्या आईएवढी, पण सगळी सोसायटी तिला नुसती 'बा' म्हणायची, म्हणून आम्हीही. सकाळी तिच्या घरातून खाकरा भाजल्याचा वास यायचा. तव्यावर लाकडी दट्ट्याने तो दाबत बसलेली असायची, आणि त्या दाबण्याच्या ठेक्यात काहीतरी गुणगुणायची.

नवरात्रात सोसायटीच्या अंगणातल्या स्कूटरी कडेला लागायच्या. मधोमध छिद्रांचा मातीचा घट, आत दिवा, आणि त्याभोवती बायकांचं रिंगण. लाउडस्पीकर नाही, वाद्य म्हणाल तर एक ढोलक. एकीने पुढे ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ती झेलायची. पुढे म्हणणारी कायम मंजुबा. तिच्या तोंडची ओळ जशीच्या तशी मागून यायला हवी. कोणी पुढे घुसलं किंवा मागे रेंगाळलं की बाचा हात वर. आमच्या कोकणात गणपतीच्या दिवसांत पुरुष पायात चाळ बांधून बुवाभोवती फेर धरतात, ती जाखडी. तिथेही हाच कायदा, आणि बुवाच्या मागे म्हणणाऱ्यांना झीलकरी म्हणतात. नलिनीचे वडील झीलकरी होते. त्यामुळे लग्न होऊन ती या सोसायटीत आली त्या पहिल्याच नवरात्रात, भाषेचा गंध नसताना, रिंगणात शिरली आणि ठेका न चुकता ओळी झेलू लागली. बाने तिला तेव्हाच हेरलं असावं. 'असावं' लिहितो, कारण बा तसं कधी बोलली नाही.

बाचं एक गाणं मात्र कुठल्याच कॅसेटवर नव्हतं. ती काठियावाडातल्या तिच्या गावाहून ते घेऊन आली होती. तिची आई म्हणायची. फक्त अष्टमीला म्हणायचं. बहीण धाब्यावर, म्हणजे घराच्या गच्चीवर, उभी आहे. लांब वाटेवर धूळ उठते, उंट दिसतो. बहीण मैत्रिणींना विचारते, माझा भाऊ का गं? मैत्रिणी म्हणतात, नाही गं, व्यापारी आहे. पुन्हा धूळ, पुन्हा उंट. नाही गं, वरात आहे. असं करत संध्याकाळ होते. मग शब्द थांबतात आणि रिंगण एक पूर्ण फेरा नुसत्या टाळ्यांवर फिरतं. त्या फेऱ्यात खाली घट आणि दिवा, वर अंगणाकडेच्या सातविणीचा वास, आणि इतक्या बायका असून कोणाच्या तोंडून अक्षर नाही. मी तेव्हा तिशीतला, चाळिशी गाठायला घाई असलेला माणूस होतो, फार भावुक नव्हतो. तरी तो फेरा चालू असताना मी कधी घड्याळ बघितलं नाही.

ज्या वर्षाबद्दल सांगतोय त्या वर्षी दोन गोष्टी झाल्या. जवळच्या मैदानावर डिस्को दांडिया सुरू झाला. मोठा ऑर्केस्ट्रा, तिकीट, रंगीत दिव्यांच्या माळा. सोसायटीतल्या तरुण मुली, मराठी-गुजराती सगळ्या, तिकडे वळल्या. आणि बाच्या मुलाने बोरिवलीला लिफ्टच्या इमारतीत जागा घेतली. दिवाळीनंतर ते जाणार होते. बाचे गुडघे गेले होते, त्यामुळे लिफ्ट हवीच होती, त्यात कोणाचा दोष नव्हता. पण नव्या इमारतीत अंगण नव्हतं आणि बाच्या गाण्याला वारस नव्हता.

वारसाची गोष्ट मी एका रविवारी प्रत्यक्ष ऐकली. बाच्या हॉलमधल्या झोपाळ्यावर पेपर वाचत बसलो होतो. बायका आत खाकरे लाटत होत्या.

"हंसा, तू शिकून घे ने," बा म्हणाली.

"बा, मला नाय जमणार. रडकं गाणं आहे ते. नाचायचं की रडायचं?" हंसा मुलुंडला वाढलेली, मराठी आमच्यासारखंच बोलायची. "नलिनीला शिकव. ती तुझी लाडकी."

"मी म्हणू का बा?" नलिनी म्हणाली, आणि तिने म्हटलं. पूर्ण, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी पेपर खाली ठेवला. इतकी वर्षं झेलून झेलून तिला ते पाठ झालं होतं.

मग बा म्हणाली, "दीकरी, सूर बरोबर छे. टाळी बरोबर छे. पण असा वाटते, कोणी पाहुणी माझ्या आईचा साडी नेसून आली."

हंसा हसली. नलिनी नाही. "मग काय करू?"

"तुझा साडी नेस. तुझ्या भाषेत गा."

"आणि मग ते तुमचं राहील का?"

"ते मी ऐकून सांगेन," बा म्हणाली.

घरी आल्यावर नलिनीने मला बजावलं, "अष्टमीला मी म्हणणार. बाला आपलं वाटलं तर ठीक. नाही वाटलं तर हे गाणं परत माझ्या तोंडी येणार नाही." ती असं काही बोलली की ते पाळते. म्हणजे बाच्या कानावर सगळं अवलंबून होतं. बाने मान डोलावली नाही, तर गाणं बाबरोबर बोरिवलीला जाऊन बंद दारात संपणार होतं.

मी लगेच मदतीला धावलो. मूळ ओळीच्या मात्रा मोजल्या. चोवीस भरल्या. मग चोवीस मात्रांची मराठी ओळ रचली आणि तपासून, दोनदा मोजून नलिनीच्या हातात दिली. त्यात 'बंधुराया' होता आणि 'त्वरित ये सदनी' होतं.

"सदनी?" ती म्हणाली. "आपल्या बिल्डिंगला कोणी सदन म्हणतं का?"

"फाटकावर लिहिलंय की."

"फाटकावर ठीक आहे. आणि हे त्वरित? अहो, तुम्ही वाका. वाकून टाळी द्या आणि 'त्वरित' म्हणून दाखवा."

मी वाकलो, टाळी दिली आणि म्हटलं. माझ्या तोंडून जो आवाज निघाला त्याला शब्द म्हणता येत नव्हतं. नलिनी हसून हसून ओट्याला टेकली. मग तिने मला समजावलं. टाळी वाकून द्यायची असते. वाकलं की पोट दाबलं जातं आणि श्वास बाहेर पडतो. त्या जागी तोंड उघडं राहील असाच स्वर हवा. बाच्या गाण्यात प्रत्येक टाळीवर 'आ' किंवा 'ओ' आहे. मात्रा बरोबर असून ओळ चालत नाही, याचं कारण ते. मला हे पटलं. एखाद्या तुकड्याचं माप अचूक असतं, पण तो जिथे बसवायचा तिथे हात पोचत नाही, असं आमच्याकडेही होतं.

पुढचे दिवस तिने ते गाणं हॉलमधल्या टीपॉयभोवती फिरून केलं. कागदाला हात लावला नाही. पोळी तव्यावर टाकायची, चार पावलं फिरायचं, वाकायचं, टाळी, एक शब्द बदलायचा, पोळी उलटायची. काही पोळ्या करपल्या, आम्ही त्या खाल्ल्या. उंट गेला, एसटी आली. धाबं गेलं, गॅलरी आली. वाटेवरच्या धुळीच्या जागी जिन्यातली पावलं आली:

गॅलरीत उभी मी, वाट पाहता पाहता,
जिन्यात वाजलं पाऊल, भाऊ माझा आला का?
नाही गं बाई, दूधवाला आला, भाऊ कुठे आला?

दुसऱ्या कडव्यात पोस्टमन, तिसऱ्यात खालच्या मजल्यावरचे पाहुणे. अधेमधे घाट, वळण, वळणावर एसटी. आणि शेवटच्या कडव्यात तिने भावाला आणलं. पिशवीत सोलं, गाठोड्यात पोहे, डोक्यावर टोपी. मला ते कडवं सगळ्यात आवडलं होतं.

तिने बाला ते म्हणून दाखवलं तेव्हाही मी झोपाळ्यावर होतो. दूधवाल्याला बा खुदकन हसली. "उंट कुठे गेला?" तिने विचारलं.

"आमच्याकडे उंट कुठून आणू बा? चौपाटीवरून?"

"बरं. एसटी चालेल." पण शेवटच्या कडव्याला दट्ट्या थांबला. "नाय दीकरी. वीरो नथी आवतो."

"म्हणजे? भाऊ येतच नाही? मग बहीण काय, तशीच उभी?"

"हां. तशीच उभी."

"हे बरोबर नाही बा. एवढी वाट बघायला लावून—"

"माझ्या आईच्या गाण्यात येत नाय. माझ्या गाण्यात पण येत नाय." एवढं बोलून बा उठली आणि देवापाशी जाऊन बसली.

जिन्यात हंसाने आम्हाला गाठलं. हळू आवाजात म्हणाली, "नलिनी, मनाला लावून घेऊ नको. बाचा भाऊ होता ना, वीस वर्षांचा असताना आफ्रिकेला गेला धंद्याला. काही वर्षं खबर यायची. मग बंद. कुठे गेला, काय झालं, कोणालाच माहीत नाय. म्हणून तर मला ते गाणं नको वाटतं. ती म्हणते तेव्हा मी तिच्याकडे बघत नाय."

हंसाला मी तोपर्यंत हलक्यात घेत होतो. त्या दिवसापासून नाही.

नलिनीने मग टीपॉयभोवती फिरणं बंद केलं. तिला तीन भाऊ आहेत आणि तिन्ही दर भाऊबीजेला वेळेवर, हातात पिशवी घेऊन दारात उभे राहतात. न येणारा भाऊ तिला रचता येत नव्हता, आणि आलेला भाऊ बाच्या समोर उभा करण्याची आता तिची छाती नव्हती. अष्टमी जवळ आली. आदल्या दिवशी पोळ्या लाटता लाटता ती एकदम म्हणाली, "सोलं-पोह्यांचं कडवं काढलं."

"मग?"

"शेवटी परत पाऊल वाजतं. बहीण विचारते, भाऊ माझा आला का? तिथेच थांबायचं. कोण आलं ते मी नाही सांगणार. पुढे टाळ्यांचा फेरा."

"आला म्हणायचं की नाही आला?"

"ते मला काय माहीत?" ती म्हणाली. "गाणं बाचं आहे."

अष्टमीचं शेवटी सांगतो; त्यानंतर त्या गाण्याचं जे झालं त्यातलं मी पाहिलेलं आणि ऐकीव असं वेगळं करून सांगतो. नलिनीच्या आतेबहिणीने ते भांडुपच्या महिला मंडळात नेलं, हे मी पाहिलं. पुढच्या गणपतीत तिच्या माहेरच्या गावी जाखडीच्या मंडळाने ते ढोलकीवर बसवलं. पायात चाळ बांधलेले दणकट पुरुष, काही गिरण्यांतून बाहेर पडलेले, 'गॅलरीत उभी मी' म्हणत फेर धरून नाचत होते आणि कोणालाही त्यात काही विचित्र वाटत नव्हतं. हेही मी पाहिलं, आणि माझी छाती इतकी फुगली की शेजारी बसलेल्या मेहुण्याने विचारलं, "भावोजी, बरं वाटत नाय काय?" तिथून ते पंचक्रोशीत गेलं, चिपळूणपर्यंत पोचलं, हे ऐकीव. मग एक कॅसेट निघाली. कव्हरवर छापलेलं होतं, 'पारंपरिक लोकगीत'. मी ती दुकानातून घरी आणली आणि संतापून टेबलावर आपटली.

"यांना पत्र लिहितो. तुझं नाव हवं."

नलिनीने कॅसेट उलटीसुलटी करून पाहिली. "कशाला? तुमच्या खात्यात माल पास झाला की त्यावर कामगाराचं नाव घालता का?"

"नाही. शिक्का असतो."

"मग हा शिक्का समजा," ती म्हणाली. "आणि नाव घालायचं तर बाच्या आईचं घालावं लागेल. ते आहे का तुमच्याकडे?" ते माझ्याकडे नव्हतं. ते बाने कधी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. पत्र राहिलं.

मला कोणी म्हणतं, दुसऱ्या भाषेतून घेतलेलं गाणं ते काय आपलं! अशा माणसाला मी टीपॉयभोवती फिरायला सांगतो. तीन टाळ्या न हलवता एका गावाचं आकाश दुसऱ्या गावाच्या जिन्यात उतरवायचं, हे मोजून होत नाही. मी मोजून पाहिलं आहे. मला माझ्या नोकरीचा अभिमान आहे, मुलांचा आहे, फेडून झालेल्या घराचा आहे. पण कुठे अनोळखी मांडवात अनोळखी मुली ती ओळ म्हणत वाकतात आणि टाळीवर त्यांचं तोंड 'आ' करून उघडतं, तेव्हा जे वाटतं ते या सगळ्याहून मोठं असतं.

तर ती अष्टमी. सूर्य नुकताच बुडाला होता. घटातला दिवा लागला. रिंगण लहानच होतं, कारण तरुण मुली मैदानावर गेल्या होत्या. हंसाही आरशांचा घागरा घालून, तिकीट कमरेला खोचून निघालेली. फाटकापाशी ती थांबली, मागे वळून बघत उभी राहिली, आणि परत येऊन रिंगणात शिरली. बाला गुडघ्यांमुळे खुर्ची दिली होती. पहिले गरबे तिने खुर्चीतूनच म्हटले. मग तिने नलिनीकडे बघितलं आणि हाताने पुढे हो म्हणून खूण केली.

नलिनीने पहिली ओळ म्हटली. गुजराती बायका बावरल्या. चाल त्यांच्या ओळखीची होती, शब्द नव्हते. झेल अर्धवट आला. दूधवाल्याला कोणीतरी हसलं, आणि हसता हसता तोंडं मोकळी झाली. दुसऱ्या कडव्याला झेल भरून आला. मी कडेला लावलेल्या स्कूटरींजवळ उभा होतो आणि माझं लक्ष फक्त बाकडे होतं. तिचा चेहरा कोरा होता.

तिसऱ्या कडव्याला बा उठली. हंसा धरायला पुढे झाली, तिला बाने बाजूला सारलं. लंगडत रिंगणात आली आणि नलिनीच्या मागे चार बायका सोडून उभी राहिली. नलिनीने ओळ म्हटली. आणि बाने ती झेलली. मराठीत, जशीच्या तशी. इतक्या वर्षांत बाला कोणाच्या मागे म्हणताना आम्ही पाहिलं नव्हतं.

शेवटची ओळ आली. जिन्यात वाजलं पाऊल, भाऊ माझा आला का? झेल संपला. शब्द थांबले आणि टाळ्यांचा फेरा सुरू झाला. तीन टाळ्या, पाऊल, तीन टाळ्या, पाऊल. रिंगण अर्धं फिरलं. बा वाकली, टाळी दिली, आणि त्या उतरत्या श्वासावर तिच्या तोंडून ओळ निघाली, तिच्या स्वतःच्या भाषेत:

"मारो वीरो आव्यो!"

ती ओळ तिच्या आईच्या गाण्यात नव्हती आणि नलिनीच्या गाण्यातही नव्हती. नलिनी चालता चालता थबकली. बाने हात वर केला नाही, डोळेही उघडले नाहीत. ती पुढचं पाऊल टाकत होती. रिंगणाचा कायदा असा, की पुढून आलेली ओळ मागच्यांनी झेलायची. ही मागून आली होती. क्षणभर नुसत्या टाळ्या वाजत राहिल्या. मग हंसाने ती झेलली, मग नलिनीने, मग सबंध रिंगणाने, मराठी-गुजराती सगळ्यांनी, पुन्हा पुन्हा, बा थांबेपर्यंत. स्कूटरींजवळ उभ्या असलेल्या आम्हा पुरुषांनीही.